टेबलं गेली कुठे? मायएसक्यूएल अपग्रेडनंतरची शोधाशोध

सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर अपग्रेड केलं, मशीन चालू झालं, लॉगिनही झालं आणि डेटाबेस उघडून पाहिला तर टेबलं गायब! हा प्रसंग आपल्यापैकी बऱ्याच जणांवर कधी ना कधी येणार आहे. कुणावर फायनल इयरच्या प्रोजेक्टच्या आदल्या रात्री येईल, कुणावर नोकरीला लागल्यावर पहिल्याच महिन्यात. त्या वेळी घाबरून माणूस जे काही करतो, त्यानेच खरं नुकसान होतं. कारण अशा बहुतेक प्रसंगी टेबलं गेलेली नसतात. ती डिस्कवर तशीच पडलेली असतात, फक्त नव्या सर्व्हरला ती दिसत नाहीत किंवा वाचता येत नाहीत. ती का दिसत नाहीत आणि परत कशी आणायची, हे या लेखात क्रमाने पाहू.

उदाहरण आपल्या रोजच्या जेवणाचंच घेऊ. समजा, होस्टेलच्या मेसचा हिशोब एका जुन्या मशीनवर मायएसक्यूएलमध्ये ठेवला आहे. डेटाबेसचं नाव 'मेस'. त्यात तीन टेबलं: 'विद्यार्थी', 'जमा' आणि 'खाडे'. कोण किती दिवस घरी गेला होता, त्याचे किती खाडे धरायचे, हे तिसऱ्या टेबलात. वर्षअखेरीला डिपॉझिट परत देताना याच टेबलावरून पैसे वजा होतात. हे टेबल गेलं तर दिवाळीत गावी गेलेल्या पोराने पंधरा दिवसांचे पैसे कशाच्या आधारावर मागायचे? आणि मेस सेक्रेटरीने ते कशाच्या आधारावर द्यायचे किंवा नाकारायचे? म्हणून 'छोटासाच तर डेटाबेस आहे' असं म्हणून चालत नाही.

एक सूचना: या लेखात आज्ञा आणि फायलींची नावं देवनागरीत दिली आहेत. मशीनवर टाइप करताना ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायची.

मनमाडकरांना समजेल असा दाखला

आपल्या मनमाड जंक्शनवर एके काळी दोन गेज होते. मुंबई–भुसावळ हा मुख्य मार्ग ब्रॉडगेज आणि औरंगाबादमार्गे (आताचे छत्रपती संभाजीनगर) सिकंदराबादकडे जाणारा, १९०० च्या सुमारास झालेला निजामाचा मार्ग मीटरगेज. मराठवाड्यातून आलेला माल इथे उतरवायचा आणि ब्रॉडगेजच्या वाघिणीत भरायचा. १९९० च्या दशकात तो मार्ग ब्रॉडगेज झाला आणि ही चढउतार संपली. आता कल्पना करा, रूळ बदलले पण जुन्या मीटरगेजच्या भरलेल्या वाघिणी यार्डातच राहिल्या. माल चोरीला गेला आहे का? नाही. पण नव्या रुळावर ती वाघीण चालणार नाही. माल एक तर रीतसर उतरवून नव्या वाघिणीत भरावा लागेल, नाही तर वाघिणीची चाकं बदलावी लागतील.

डेटाबेस अपग्रेडही नेमकं असंच आहे. माल म्हणजे तुमचा डेटा, वाघीण म्हणजे डिस्कवरच्या फायलींची रचना आणि रूळ म्हणजे सर्व्हरची आवृत्ती. 'टेबल नाही' असा संदेश आला की पहिला प्रश्न 'माल गेला का' हा नसून 'माल कुठल्या यार्डात आहे आणि कुठल्या गेजच्या वाघिणीत आहे' हा असतो.

पहिला नियम: हात बांधून बसा

टेबलं दिसली नाहीत की पुढच्या गोष्टी अजिबात करू नयेत:

१. पुन्हा इन्स्टॉल करू नका. काही इन्स्टॉलर जुन्या डेटा फोल्डरवरच नवा रिकामा डेटा टाकतात.
२. त्याच नावाचं रिकामं टेबल तयार करून 'चालतंय का बघू' म्हणू नका.
३. 'आयबीडेटा१', 'आयबी_लॉगफाइल०', 'आयबी_लॉगफाइल१' या फायली 'कसल्यातरी टेंपररी दिसतात' म्हणून उडवू नका. अनेकांचा डेटा खरा जातो तो इथेच.

करायचं ते एवढंच: सर्व्हर बंद करा आणि संपूर्ण डेटा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर जसाच्या तसा कॉपी करा. सोबत जुनी सेटिंगची फाइल, म्हणजे लिनक्सवर 'माय.सीएनएफ' आणि विंडोजवर 'माय.आयएनआय', तीही ठेवा. आता पुढचे सगळे प्रयोग त्या कॉपीवर करायचे, मूळ प्रतीला हात लावायचा नाही.

एक टेबल म्हणजे किती फायली?

पुढचं सगळं यावर अवलंबून आहे, म्हणून हे नीट समजून घ्या.

मायएसक्यूएलमध्ये टेबल साठवण्याची इंजिनं वेगवेगळी आहेत. जुन्या काळी मायआयसॅम हे इंजिन आपोआप मिळायचं. त्यात 'खाडे' या टेबलाच्या तीन फायली असतात: 'खाडे.एफआरएम' म्हणजे रचना, 'खाडे.एमवायडी' म्हणजे डेटा आणि 'खाडे.एमवायआय' म्हणजे इंडेक्स. सर्व्हर बंद करून हे फोल्डर उचललं आणि दुसऱ्या मशीनवर ठेवलं तर टेबल बहुधा चालतं. आपल्या सीनियर्सना 'फोल्डर कॉपी केलं की झालं' ही सवय लागली ती यामुळेच.

दुसरं इंजिन इनोडीबी. हे फिनलंडच्या हेइक्की टुरी यांनी लिहिलं. आवृत्ती ५.५ पासून (डिसेंबर २०१०) हेच आपोआप मिळू लागलं. यात गंमत अशी की टेबलांची अंतर्गत नोंदवही सगळ्या डेटाबेसेसची मिळून एकाच फाइलमध्ये, 'आयबीडेटा१' मध्ये असायची. डेटासुद्धा पूर्वी त्यातच जायचा. आवृत्ती ५.६ पासून प्रत्येक टेबलाचा डेटा आपोआप वेगळ्या 'खाडे.आयबीडी' या फाइलमध्ये जाऊ लागला, पण नोंदवही मात्र 'आयबीडेटा१' मध्येच राहिली. म्हणजे फक्त 'मेस' हे फोल्डर उचलून नव्या मशीनवर ठेवलं तर माल आला, पण बिल्टी मागेच राहिली! सर्व्हर म्हणतो, माझ्या वहीत असं टेबल नाही.

तिसरा टप्पा आवृत्ती ८.० चा (एप्रिल २०१८). यात 'एफआरएम' फायली पूर्णपणे गेल्या. रचना आणि नोंदवही दोन्ही 'मायएसक्यूएल.आयबीडी' या फाइलमध्ये आल्या. त्यामुळे ८.० च्या डेटा फोल्डरमध्ये जुनं फोल्डर नुसतं नेऊन ठेवलं तर टेबल सोडाच, डेटाबेसचं नावसुद्धा दिसत नाही.

लक्षणावरून निदान

आता डॉक्टरसारखं लक्षण पाहून कारण शोधू. पहिल्यांदा तीन प्रश्न सर्व्हरलाच विचारा:

सिलेक्ट व्हर्जन();
सिलेक्ट करंट_यूजर();
शो व्हेरिएबल्स लाइक 'डेटाडिर';

मी कुठल्या आवृत्तीशी बोलतोय, कोण म्हणून बोलतोय आणि हा सर्व्हर कुठलं फोल्डर वाचतोय, हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नका. बरीच प्रकरणं इथेच मिटतात.

*लक्षण १: डेटाबेसचं नावच दिसत नाही.*

कारण बहुधा यार्ड चुकलं आहे. विंडोजवर आवृत्ती ५.० चा डेटा 'प्रोग्राम फाइल्स' मधल्या मायएसक्यूएलच्या फोल्डरमध्ये असायचा. नंतरच्या आवृत्त्यांनी तो 'सी:\प्रोग्रामडेटा' मध्ये नेला, आणि हे फोल्डर विंडोज लपवून ठेवतं. नवा सर्व्हर नव्या रिकाम्या फोल्डरकडे बघत असतो, जुना डेटा जुन्या जागी शांतपणे पडलेला असतो. झॅम्प वापरणाऱ्यांचा डेटा आणखी तिसऱ्याच ठिकाणी, 'झॅम्प\मायएसक्यूएल\डेटा' मध्ये. एकाच मशीनवर झॅम्प आणि वेगळं मायएसक्यूएल असं दोन्ही असेल, तर ३३०६ पोर्टवर नेमकं कोण बसलंय हेही पाहा.

दुसरं कारण हक्कांचं. 'शो डेटाबेसेस' ही आज्ञा तुम्हाला ज्यावर काही हक्क आहे तेवढेच डेटाबेस दाखवते. जुन्या इन्स्टॉलेशनमध्ये नाव नसलेला एक पाहुणा यूजर असायचा. त्या नावाने आत शिरलात तर 'इन्फॉर्मेशन_स्कीमा' आणि 'टेस्ट' एवढंच दिसतं. माणूस हबकतो, पण रूट म्हणून आत गेलं की सगळं जागच्या जागी असतं.

*लक्षण २: नाव यादीत दिसतं, पण उघडलं की 'टेबल डझंट एक्झिस्ट', एरर ११४६.*

यादीतली नावं ८.० पूर्वीचा सर्व्हर 'एफआरएम' फायली पाहून देतो. नाव आहे पण टेबल उघडत नाही, म्हणजे रचना सापडली आणि इनोडीबीच्या वहीत नोंद नाही. फोल्डर कॉपी करताना 'आयबीडेटा१' मागे राहिली का ते पाहा. झॅम्प बिघडल्यावर 'डेटा' फोल्डरचं नाव बदलून त्या जागी 'बॅकअप' फोल्डर ठेवायचं, असा एक उपाय पोरं एकमेकांना सांगतात. त्यात जुने डेटाबेस परत आणले जातात, पण जुनी 'आयबीडेटा१' आणायची राहते आणि मग हेच लक्षण दिसतं. उपाय: आवृत्ती तीच असेल तर जुन्या डेटा फोल्डरमधली 'आयबीडेटा१' आणि तिच्या जोडीच्या लॉगफायली एकत्र परत ठेवा. या फायलींचा संच असतो. एक जुनी आणि एक नवी अशी खिचडी करू नये.

*लक्षण ३: 'अननोन टेबल इंजिन इनोडीबी', एरर १२८६.*

हे ५.० आणि ५.१ च्या काळातलं. अपग्रेडबरोबर नवी 'माय.सीएनएफ' आली आणि तिच्यात लॉगफाइलचा आकार वेगळा लिहिलेला असला की इनोडीबी सुरूच होत नसे. सर्व्हर मात्र त्याच्याशिवाय उभा राहायचा. मायआयसॅमची टेबलं चालायची आणि इनोडीबीची सगळी मेल्यासारखी! एरर लॉगमध्ये मात्र स्पष्ट लिहिलेलं असायचं की लॉगफाइल ५२४२८८० बाइट्सची आहे, सेटिंगमध्ये दुसराच आकडा आहे. उपाय एका ओळीचा: 'इनोडीबी_लॉग_फाइल_साइज' ला जुनाच आकडा द्या, इथे ५ एमबी. लॉगफायली उडवण्याची गरज नाही. सरकारी कचेऱ्यांत अशी जुनी मशीन्स अजून भेटतात, म्हणून हे लक्षात ठेवा. ५.५ पासून सर्व्हर असा अर्धवट उभा न राहता सुरू व्हायलाच नकार देतो. वरवर त्रासदायक वाटतं, पण ते जास्त प्रामाणिक आहे.

*लक्षण ४: विंडोजवर चालत होतं, लिनक्सवर टेबल सापडत नाही.*

विंडोजला 'विद्यार्थी' च्या इंग्रजी नावातलं पहिलं अक्षर कॅपिटल आहे की स्मॉल याने फरक पडत नाही, लिनक्सला पडतो. 'लोअर_केस_टेबल_नेम्स' ही सेटिंग विंडोजवर १ असते आणि लिनक्सवर ०. विंडोजवर सगळी नावं स्मॉल करून साठवली जातात. पीएचपीच्या कोडमध्ये मात्र कॅपिटल लिहिलेलं असतं. लिनक्सवर गेल्यावर ही दोन वेगळी नावं झाली. सर्वांत चांगला उपाय म्हणजे कोडमधली नावं सरळ स्मॉल करणं. सेटिंग बदलून काम भागवायचं असेल तर ध्यानात ठेवा, ८.० मध्ये ती पहिल्यांदा डेटा फोल्डर तयार करतानाच ठरवावी लागते, नंतर बदलता येत नाही.

*लक्षण ५: नावापुढे '#मायएसक्यूएल५०#' असं शेपूट.*

आवृत्ती ५.१ ने (नोव्हेंबर २००८) टेबलाच्या नावावरून फाइलचं नाव करण्याची पद्धत बदलली. साध्या अक्षरांखेरीज काहीही असेल तर त्याचा चार अंकी कोड लिहिला जातो. 'मेस-२००८' मधली आडवी रेघ '@००२डी' अशी होते. टेबलाचं नाव खरोखर देवनागरीत ठेवलं असेल तर 'वि' या अक्षराचं '@०९३५@०९३एफ' होतं. हे युनिकोडचेच क्रमांक आहेत. ५.० ची जुनी फाइल ५.१ ला ओळखता आली नाही की तो ते शेपूट लावून दाखवतो. त्या वेळी 'मायएसक्यूएलचेक' ला '--फिक्स-डीबी-नेम्स --फिक्स-टेबल-नेम्स' देऊन नावं सुधारता येतात. ८.० मध्ये या शेपटाचा आधार काढला आहे, म्हणून ही दुरुस्ती आधीच्या आवृत्तीवरच उरकावी. आणि धडा असा की टेबलांच्या नावात रेघ, जागा, कंस असले शौक करू नयेत.

*लक्षण ६: 'मायएसक्यूएल.प्रोक' किंवा 'मायएसक्यूएल.प्लगइन' हे टेबल नाही.*

तुम्ही अशी टेबलं कधी बनवलीच नव्हती, तरी सर्व्हर त्यांच्या नावाने ओरडतो. ही सर्व्हरची स्वतःची घरातली टेबलं. नव्या आवृत्तीला ती हवी असतात आणि जुन्या डेटा फोल्डरमध्ये ती नसतात किंवा अपुरी असतात. उपाय: 'मायएसक्यूएल_अपग्रेड' ही आज्ञा चालवून सर्व्हर पुन्हा सुरू करणं. ८.०.१६ पासून मायएसक्यूएल हे काम सुरू होताना स्वतःच करतं. मारियाडीबीत मात्र 'मारियाडीबी-अपग्रेड' चालवायची सवय ठेवावी.

*लक्षण ७: फाइल आहे, तरी 'एररनो: १३'.*

१३ म्हणजे परवानगी नाही. २ म्हणजे फाइलच नाही. 'पेरर १३' असं टाइप केलं की मायएसक्यूएल स्वतः अर्थ सांगतं. लिनक्सवर रूट म्हणून फायली कॉपी केल्या की त्यांचा मालक रूट होतो आणि सर्व्हर चालतो 'मायएसक्यूएल' या यूजरच्या नावाने. 'चोन -आर मायएसक्यूएल:मायएसक्यूएल /व्हार/लिब/मायएसक्यूएल' केलं की बहुतेक वेळा काम होतं.

डंप इंपोर्ट केला, तरी टेबलं कमी

फोल्डर कॉपी करण्याऐवजी 'मायएसक्यूएलडंप' ने मजकुराच्या रूपात बॅकअप घेणं केव्हाही चांगलं. हीच ती माल उतरवून नव्या वाघिणीत भरण्याची पद्धत. पण त्यातही काही टेबलं वाटेत गळतात. ओळखीची कारणं अशी:

पहिलं, जुन्या डंपमध्ये 'टाइप=मायआयसॅम' लिहिलेलं असतं. ५.५ पासून हा शब्द बंद झाला, 'इंजिन=' लिहावं लागतं. त्या ओळीवर एरर १०६४ येते आणि टेबल बनतच नाही. टेक्स्ट एडिटरमध्ये बदलून घ्या.

दुसरं, तारखेच्या रकान्याला '००००-००-००' ही डिफॉल्ट किंमत दिलेली असते. ५.७ पासून कडक नियम आपोआप लागू झाले आणि अशा टेबलाला एरर १०६७ मिळते.

तिसरं, ८.० मध्ये 'रँक', 'ग्रुप्स', 'सिस्टम' हे शब्द राखीव झाले. रिझल्टच्या प्रोजेक्टमध्ये 'रँक' नावाचा रकाना नसेल असं कॉलेज शोधून सापडणार नाही! अशी नावं उलट्या अवतरण चिन्हांत ठेवावीत किंवा सरळ बदलावीत.

चौथं, डंप घेताना '--रूटीन्स' आणि '--इव्हेंट्स' दिलं नाही तर स्टोअर्ड प्रोसीजर आणि इव्हेंट डंपमध्ये येत नाहीत. टेबलं दिसतात, पण महिनाअखेरीचं बिल काढणारी प्रोसीजर गायब असते.

पाचवं, आपलं मराठी. टेबल आलं, पण नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. कॅरेक्टर सेट चुकला की असं होतं. इथे एक फरक ओळखायला शिका. अक्षरांच्या जागी विचित्र युरोपीय चिन्हांच्या रांगा दिसत असतील तर मूळ बाइट्स शाबूत असण्याची शक्यता आहे आणि योग्य कॅरेक्टर सेट देऊन मजकूर परत मिळू शकतो. पण डंपच्या फाइलमध्येच प्रश्नचिन्हं असतील तर त्या फाइलमधला मजकूर गेला. जुना सर्व्हर पुसला नसेल तर तिथून पुन्हा डंप घ्या. म्हणून डंप घेतल्यावर फाइल उघडून एखादं मराठी नाव नीट वाचता येतं का, एवढं पाहायचंच.

इंपोर्ट करताना '-एफ', म्हणजे चूक आली तरी पुढे चला, हा पर्याय देऊ नका. स्क्रीनवरून एरर पळून जाते आणि गेलेलं टेबल दोन महिन्यांनी लक्षात येतं.

फक्त 'आयबीडी' फाइल उरली असेल तर

ही शेवटची पायरी. 'आयबीडेटा१' खरोखर गेली, डंप नाही, पण 'खाडे.आयबीडी' हातात आहे. आवृत्ती ५.६ किंवा पुढची असेल तर आशा आहे.

१. दुसऱ्या मशीनवर तीच आवृत्ती बसवा.
२. 'खाडे' टेबल नेमक्या त्याच रचनेने तयार करा. रचना प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये किंवा जुन्या एसक्यूएल फाइलमध्ये मिळते. बघा, सर रिपोर्टमध्ये स्कीमा छापायला का लावतात ते! रो फॉरमॅटही तोच हवा. ५.६ चा डिफॉल्ट 'कॉम्पॅक्ट' आहे आणि ५.७ चा 'डायनॅमिक'.
३. 'ऑल्टर टेबल खाडे डिस्कार्ड टेबलस्पेस;' द्या. याने नवी रिकामी फाइल जाते. (म्हणूनच हे वेगळ्या मशीनवर करायचं.)
४. जुनी 'खाडे.आयबीडी' त्या जागी ठेवा, मालकी दुरुस्त करा.
५. 'ऑल्टर टेबल खाडे इंपोर्ट टेबलस्पेस;' द्या. 'सीएफजी' फाइल नाही अशी सूचना येईल, तिने घाबरू नका.
६. टेबल उघडलं की दुसरं काही करायच्या आधी डंप घ्या.

'आयबीडेटा१' आहे पण सर्व्हर सुरू होताना कोसळतो, अशी अवस्था असेल तर 'इनोडीबी_फोर्स_रिकव्हरी' ही सेटिंग १ पासून एकेक वाढवत न्या आणि सर्व्हर उभा राहिला की लगेच डंप घ्या. ४ आणि त्यापुढचे आकडे डेटा कायमचा बिघडवू शकतात, म्हणून ते फक्त कॉपीवर.

अपग्रेड करण्याची बरोबर पद्धत

आधी आवृत्त्यांचा नकाशा पाहा. मायएसक्यूएल १९९५ मध्ये स्वीडनच्या कंपनीने आणलं. २००८ मध्ये ती सन कंपनीने घेतली आणि २०१० मध्ये सनच ओरॅकलकडे गेली. मूळ लेखक माँटी विडेनियस यांनी २००९ मध्ये मारियाडीबी हा वेगळा फाटा काढला. (दोन्ही नावांत त्यांच्या मुलींची नावं आहेत, माय आणि मारिया.) झॅम्पमध्ये २०१५ पासून मारियाडीबीच येतं, जरी फोल्डरचं नाव 'मायएसक्यूएल' असलं तरी. सुरुवातीला दोन्हींच्या फायली एकमेकांना चालत होत्या. आज मायएसक्यूएल ८ चं डेटा फोल्डर मारियाडीबीला उघडता येत नाही. तिथे डंप हाच मार्ग. तसंच ५.६ वरून थेट ८.० वर उडी मारता येत नाही, मध्ये ५.७ चं स्टेशन घ्यावंच लागतं. आणि ८.० वर गेल्यावर तेच फोल्डर घेऊन ५.७ वर परत येता येत नाही. परतीचं तिकीट म्हणजे अपग्रेडआधी घेतलेला बॅकअप.

मग क्रम असा:

१. अपग्रेडआधी प्रत्येक टेबलाचा काउंट आणि पैशाच्या रकान्याची बेरीज कागदावर लिहून ठेवा: 'विद्यार्थी' किती ओळी, 'जमा' ची एकूण रक्कम किती, 'खाडे' चे एकूण दिवस किती.
२. आपल्या डेटाबेसेसचा डंप घ्या, रूटीन्स आणि इव्हेंट्ससकट. यूजर्सचे हक्क 'शो ग्रँट्स' ने वेगळे लिहून घ्या.
३. 'सेट ग्लोबल इनोडीबी_फास्ट_शटडाउन = ०;' देऊन सर्व्हर शांतपणे बंद होऊ द्या. मध्येच बटण दाबून बंद करू नका. यूपीएसवर किती मिनिटं उरली आहेत तेही बघा.
४. डेटा फोल्डर आणि सेटिंगची फाइल कॉपी करा.
५. डंप दुसऱ्या मशीनवर नव्या आवृत्तीत चढवून पाहा. सगळे आकडे जुळले की मगच खऱ्या सर्व्हरला हात लावा.
६. अपग्रेडनंतर पहिल्यांदा एरर लॉग वाचा, मग आकडे पुन्हा ताडून पाहा.

पायरी १ आणि ६ ला दहा मिनिटंही लागत नाहीत, पण त्यांच्याशिवाय 'सगळं आलं' हे वाक्य म्हणजे नुसता अंदाज आहे. शो टेबल्समध्ये तिन्ही नावं दिसली, पण 'खाडे' मध्ये ११४० ऐवजी ९८० च ओळी असतील, तर टेबल आलं आणि १६० खाडे गेले. ज्यांचे गेले ती पोरं तुमच्याकडे भांडायला येतील ती थेट मे महिन्यात, आणि तोवर जुनी डिस्क फॉरमॅट झालेली असेल. म्हणून आकडे जुळेपर्यंत जुन्या डिस्कला हात लावू द्यायचा नाही, मग रेक्टर सर येऊन म्हणोत की लॅब असिस्टंट म्हणोत.

बॅकअपचं महत्त्व पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्यांना समजावून सांगावं लागत असेल, मनमाडमध्ये तशी गरज पडू नये. वागदर्डी धरण आटलं की नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी नाही, असे उन्हाळे या गावाने पाहिले आहेत. इथल्या घरात पाणी आलं की आधी पिंप भरतात, मग बाकीची कामं. आणि पिंप भरलं आहे असं ऐकून कुणी स्वस्थ बसत नाही, झाकण काढून बघतात. डंपचंही तसंच करा. आधी भरा, मग झाकण काढून बघा, म्हणजे दुसऱ्या मशीनवर एकदा चढवून पाहा. कधीच चढवून न पाहिलेला बॅकअप हा बॅकअप आहे की रिकामं पिंप, हे सांगता येत नाही.

आपल्या लॅबमध्ये किंवा रूमवर कुठे जुनं ५.७ किंवा त्याहून जुनं मायएसक्यूएल चालू असेल, तर ५.७ ची अधिकृत साथ ऑक्टोबर २०२३ मध्येच संपली आहे हे लक्षात घ्या. अपग्रेड करावं लागणारच आहे. ते सबमिशनच्या आदल्या रात्री करू नका. एखाद्या निवांत रविवारी, नाश्ता करून, वरचा क्रम समोर ठेवून करा.